पाकक्रिया व पौरुष : पुरुषांच्या आत्मचरित्रांत

पुरुषाने आत्मकथन करताना अन्नास व स्वयंपाकास दिलेले स्थान, आणि त्यातून प्रकट होणारी पौरुषाची कल्पना. सोवळ्याच्या निर्बंधामुळे प्रवासात आपला पाक आपणच सिद्ध करणे ब्राह्मण पुरुषास क्रमप्राप्त होते, व लग्नमुंजीच्या पंगती आचाऱ्यांच्याच भरवशावर उठत. तेव्हा चुलीपुढे बसण्यात आपल्याकडे पुरुषाला कमीपणा नव्हता, तो होता ते काम घरात, नित्य आणि बिनबोभाट करण्यात.

या विषयाचे सर्वांत समृद्ध दफ्तर म्हणजे गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ (मूळ गुजराती, ‘नवजीवन’मध्ये १९२५ पासून क्रमशः). इंग्रज मांसाहारी म्हणून बलवान, त्यांना घालवावयाचे तर आपणही मांस खाल्ले पाहिजे, या समजुतीपायी शाळकरी वयात नदीकाठी एकांतात खाल्लेले बकऱ्याचे मांस चामड्यासारखे लागले, आणि रात्री पोटात बकरा ओरडत असल्याचा भास झाला, असे ते नमूद करतात. पुढे लंडनच्या एका खोलीत ओटची लापशी व कोको शिजवून दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आणणारा विद्यार्थी, मुंबईत रविशंकर नामक स्वयंपाक न येणाऱ्या स्वयंपाक्याच्या जोडीने निम्मा स्वयंपाक स्वतः करणारा बॅरिस्टर, आणि जोहान्सबर्गला सात पौंडांचे जाते आणून पीठ दळणारा गृहस्थ, अशा क्रमाने मांसात शोधलेले बळ अखेर जिव्हेवरील अंमलात येऊन ठरते. मात्र जमाखर्च लिहिला जातो तो प्रयोगांचा. ते जाते गांधीजी, त्यांचे स्नेही पोलक आणि मुले ओढीत. दळणाची वेळ हीच स्वयंपाकाला लागण्याची असूनही कस्तुरबा अधूनमधून हात लावीत, हा मजकूर एका ओझरत्या वाक्यात उरकला आहे, आणि आमच्या मते सबंध प्रकरणात त्याहून बोलके दुसरे काही नाही.

आहारनियमनाचा प्रश्न भरल्या पानापुढे बसलेल्यालाच पडतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांचे उरलेले अन्न महार मुलांच्या वाट्यास येते, आणि आजी संतामाय शेणातून वेचलेले दाणे धुऊन, दळून त्यांची भाकरी थापते. संयमाचा पराक्रम दाखविण्यास येथे अवसर नाही. पुरुष आपली भूक लिहितो, आणि ती लिहिताना घरातल्या बायांची मेहनत त्याला वगळता येत नाही.