श्रवण व विश्वास

ख्रिस्ती विश्वास उत्पन्न होण्यासाठी सुवार्तेचा उपदेश कानांनी ऐकावाच लागतो काय, यासंबंधीचा धर्मशास्त्रीय वाद. आधार प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा (10:14–17). पाठवलेला उपदेशक, त्याची घोषणा, श्रवण आणि विश्वास अशी साखळी पौल तेथे जोडतो. हे पत्रही मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच होते, हे ध्यानात घ्यावे लागते.

टॉमस अक्वायनसने (मृत्यू 1274) रानात वाढलेल्या माणसाचा प्रश्न घेतला. असा माणूस विवेकाने वागला, तर देव त्याला अंतःकरणात प्रकटीकरण देईल किंवा बायबलमध्ये कर्नेल्याकडे पेत्राला धाडले तसा उपदेशक धाडील, असे त्याचे उत्तर आहे.

प्रोटेस्टंट मतपत्रे : ऑग्सबर्ग (1530) येथील मतपत्राच्या पाचव्या कलमानुसार पवित्र आत्मा वचन व संस्कार यांच्याद्वारे विश्वास उत्पन्न करतो, बाह्य वचनाशिवाय आत्मा मिळतो हे मत तेथे धिक्कारले आहे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (1563, प्रश्न 65) विश्वासाचा उगम उपदेशात आणि त्याची दृढता संस्कारांत सांगितली आहे. बुलिंगरच्या दुसऱ्या हेल्वेटिक मतपत्राने (1566) उपदेशाला देववचनच मानले. तरी देव इच्छेल त्याला बाह्य सेवेवाचूनही प्रकाश देऊ शकतो, असे लगेच जोडले. वेस्टमिन्स्टर मतपत्राने (1646) बालके आणि बाह्य पाचारण ग्रहण करण्यास असमर्थ अशा, देवाने निवडलेल्या व्यक्तींचा अपवाद केला. या वादात सर्वांत मोलाचे आहेत ते हेच अपवाद. ऐकूच न शकणाऱ्या बहिऱ्यांचा प्रश्न मात्र धर्मपंडितांपेक्षा शिक्षकांनी अधिक गांभीर्याने घेतला : अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे याने खुणांच्या भाषेतून बहिऱ्या मुलांना शिकवले, त्यामागे त्यांच्या तारणाची कळकळ होती.

इतर परंपरा : ट्रेंट परिषदेनेही (1547) विश्वास श्रवणाने येतो असे म्हटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1964) ज्यांच्यापर्यंत त्यांचा स्वतःचा दोष नसताना सुवार्ता पोचली नाही, त्यांच्या तारणाची शक्यता मान्य केली. क्वेकर पंथाने बाह्य वचनापेक्षा आंतरिक प्रकाशावर भर दिला. ऑर्थोडॉक्स परंपरेत उपासनाविधी व प्रतिमा यांना मोठे स्थान आहे.

मराठी उदाहरणे : नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, वाचनाने त्यांचे मन वळले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंच्या हाती आसामात सिल्चर येथे लूकचे बंगाली शुभवर्तमान पडले. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही, ही जाणीव त्यांना आठ वर्षांनी झाली आणि तीत एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनाच्या वाचनाचा वाटा होता. दोघांनीही अनेक प्रवचने ऐकली असणार. तरी त्यांच्या कथनात निर्णायक ठरतो तो ग्रंथच. श्रवणाचा आग्रह धरणारे यावर म्हणतात, की छापील पानही बाह्य वचनच आहे आणि टिळकांच्या हाती ते देणारा सहप्रवासी हाच पाठवलेला उपदेशक. हा अर्थ मान्य केल्यास पौलाची साखळी टिकते, मात्र व्यासपीठाचा एकाधिकार टिकत नाही.