तरुण गणितज्ञ व परिषदेपूर्वीचें साहाय्य

परिषदा भरतात, निबंध वाचले जातात, अध्यक्षांचें भाषण छापून निघतें. परंतु नुकत्याच संशोधनास लागलेल्या तरुणाच्या पदरीं त्यांतून काय पडतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पहिल्या दहा वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

हें मंडळ सन १९०७ मध्यें डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनीं स्थापिलें. परदेशी गणित-नियतकालिकें एकट्यास परवडत नसत. तीं वर्गणीनें आणवून सर्वांनीं वाचावीं, हा मूळ हेतु. ग्रंथसंग्रह पुण्यास फर्गसन कॉलेजांत ठेविला, रँग्लर परांजपे पहिले ग्रंथपाल झाले, आणि अंक टपालानें सभासदांकडे फिरूं लागले. १९०९ पासून मंडळाचें स्वतःचें नियतकालिकही निघूं लागलें.

१९१० च्या सुमारास श्रीनिवास रामानुजन नांवाचा तरुण तिरुकोयिलूर येथें अय्यरांच्या कचेरींत कारकुनी मागण्यास आला. कॉलेजच्या परीक्षांत तो अनुत्तीर्ण झालेला. जवळ पदवी नाहीं, होत्या त्या केवळ वह्या. अय्यरांनीं त्या पाहिल्या आणि नोकरी दिली नाहीं. महसुलाच्या दप्तरांत ही बुद्धि पुरली जाईल हें जाणून त्यांनीं त्यास मद्रासेतील स्नेह्यांच्या नांवें पत्रें दिलीं. त्यांतूनच पुढें नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांची गांठ पडली, व त्यांनीं दरमहा २५ रुपये स्वतः देण्याचें पत्करिलें.

१९११ मध्यें रामानुजनांचा बर्नुली-संख्यांवरील पहिला निबंध मंडळाच्या नियतकालिकांत आला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक असे कीं, सामान्य वाचकास ती दुर्बोध व्हावी. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांनीं निबंध टाकून दिला नाहीं. पुनःपुन्हा परत पाठवून सुधारून घेतला. नवशिक्यास याहून मोठें साहाय्य कोणतें? १९१३ च्या मे महिन्यापासून मद्रास विद्यापीठानें या पदवीहीन तरुणास दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली, आणि दर तिमाहीस कामाचा अहवाल मागितला.

या अहवालांची कथा आपल्या वाचकांस विशेष वाटेल. मूळ प्रती हरवल्या. १९२५ मध्यें हातानें उतरून घेतलेल्या नकलेमुळें मजकूर वांचला. वह्यांची छायाप्रत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९५७ मध्यें दोन खंडांत काढिली. अखेरच्या वर्षांतील कागद तर १९७६ मध्यें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत जॉर्ज अँड्र्यूज यांस आढळले. नकलनवीस व संग्राहक हेही संशोधकाचे साहाय्यकर्तेच होत.

मंडळाची पहिली परिषद मद्रासेस १९१६ मध्यें भरली. त्या वेळीं रामानुजन केंब्रिजमध्यें होते. म्हणजे व्यासपीठ उभें राहण्यापूर्वीच शिफारसपत्र, नियतकालिकाचें पान, संपादकाचा धीर व महिन्याचें वेतन हीं चार साधनें त्यांस लाभलीं होतीं. अशी बुद्धि कशीही प्रकट झालीच असती, असें कोणी म्हणतील. हा तर्क अर्थात् ज्या प्रकट झाल्या त्यांच्यावरूनच केला जातो. ज्यांना कारकुनी तत्काळ मिळाली आणि ज्यांच्या वह्या कोणीं उघडल्याच नाहींत, त्यांची गणना कोठेंच नाहीं.

म्हणून प्रांतिक गणित-परिषद भरविणाऱ्यांनीं तरुणास वाचनासाठीं पंधरा मिनिटें दिलीं एवढ्यावर समाधान मानूं नये. त्याचा प्रवासखर्च कोण देतो, टिपण कोण तपासतो, आणि परिषद उठल्यावर त्यास पत्र कोण लिहितो, हें आधीं ठरवावें. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासास आज जे थोडे तरुण वळतात, त्यांच्याविषयींही आपल्या मंडळांनीं हाच हिशेब मांडावा. पोथी जपून ठेवणें हें निम्मेंच कार्य. ती वाचणारा जपणें हें उरलेलें.