काळीज नसलेला पुतळा

हॉलंडमधील रॉटरडॅम हे गोदीचे शहर. तेथे जुन्या बंदराच्या काठी ब्राँझचा एक उंच पुतळा उभा आहे. मान मागे पडलेली, दोन्ही हात आभाळाकडे फेकलेले आणि छातीपोटाच्या जागी आरपार भगदाड. ओसिप झॅडकिन या शिल्पकाराने तो घडविला. १९५३ च्या मे महिन्यात त्याचे अनावरण झाले. नाव ‘उद्ध्वस्त शहर’.

युद्धस्मारक म्हटले की डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते. येथे दोन्ही नाहीत. ज्यांचे हे स्मारक, त्यांच्या हाती शस्त्रच नव्हते. १४ मे १९४० रोजी शहराच्या शरणागतीची बोलणी चालू असतानाच जर्मन विमाने आली आणि शहराचा मध्यभाग पेटला. ८०० हून अधिक माणसे मेली, सुमारे ८०,००० बेघर झाली. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश मंत्रिमंडळाने आपल्या विमानांना ऱ्हाइन नदीपलीकडे बॉम्बफेकीची परवानगी दिली. पुढे हँबुर्ग आणि ड्रेस्डेनही जळाले.

श्रोतेहो, कथा येथेच संपती, तर एकाच पक्षाच्या माथी दोष मारून आपण मोकळे झालो असतो. पण ३१ मार्च १९४३ रोजी याच रॉटरडॅमवर अमेरिकन विमाने आली. त्यांचा नेम होता गोदीवर व जहाजांच्या कारखान्यांवर. बॉम्ब पडले पश्चिमेकडच्या वस्तीवर. ३०० हून अधिक नागरिक मेले. त्यांचे स्मारक उभे राहायला १९९३ साल उजाडले. शत्रूच्या हातून मेलेल्यांना पुतळा तेरा वर्षांत मिळाला. मित्राच्या हातून मेलेल्यांना पन्नास वर्षे थांबावे लागले.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे यातून एक गोष्ट शिकतो. गोदी कामगार गोदीजवळच राहतो; कारण पाळीला वेळेवर पोचायचे असते आणि लांबच्या प्रवासाचे पैसे परवडत नाहीत. म्हणून लष्करी नकाशावर ज्याला ‘लक्ष्य’ म्हणतात, त्याच्या कुंपणालगत आमची चूल असते. सैनिकाला निदान खंदक असतो. चुलीपुढे बसलेल्या बाईला तोही नाही.

जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या मसुद्याने बेछूट बॉम्बफेकीस मनाई केली. हल्ल्याआधी नागरिकांच्या हानीचा विचार करण्याचे बंधनही घातले. तेव्हा नकाशावर खूण करणाऱ्याने कुंपणापलीकडे कोण राहते हे आधी पाहावे, असे आपण म्हणतो ती याचना नव्हे. ती हक्काची मागणी आहे. आणि विमान कोणाचे, हे पाहून ती बदलता कामा नये.