संदर्भ : बेंगळुरूची भूरचना आणि पाणी

बेंगळुरू : समुद्र नाही, मोठी नदी नाही, तरीही कोटीहून अधिक लोकवस्ती. देशातील महानगरांमध्ये अशी भूवेष्टित स्थिती बेंगळुरूइतकी ठळकपणे क्वचितच आढळते. चेन्नई आणि मंगळुरू ही दोन्ही बंदरे रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटरवर आहेत. दख्खनच्या पठाराच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. पुण्याच्या तुलनेत ही उंची दीडपटीहून अधिक भरते. उष्ण कटिबंधात असूनही येथील हवा सौम्य राहते, ती या उंचीमुळेच.

शहराच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारा उंचवटा हा येथील भूगोलाचा कणा होय. त्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावती व अर्कावतीमार्गे कावेरीस मिळतो. पूर्वेकडील पाणी हेब्बाळ आणि कोरमंगला-चळ्ळघट्टा खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे वळते. शहर पाणलोटाच्या माथ्यावर असल्याने पाणी येथून निघते, येथे येत नाही. पुण्याच्या वरच्या अंगाला धरणांची साखळी आहे. बेंगळुरूला वरचा अंगच नाही.

महाराष्ट्राचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बेंगळुरूखालील नाइस खडक मात्र अब्जावधी वर्षांचा आहे. लालबागेतील टेकडी त्याचाच नमुना असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खोलवरच्या भेगांत. त्यामुळे कूपनलिका कितीही खोल नेली तरी पाण्याची हमी नसते.

वार्षिक पर्जन्यमान साधारण ९७० मिलिमीटर आहे. एप्रिल-मेमधील वळिवाच्या सरी, नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस असे त्याचे तीन टप्पे पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे ३९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली.

नदीअभावी तलाव बांधण्याची परंपरा येथे जुनी आहे. पहिल्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये नगर वसविले, १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. या साऱ्या काळात शहराची भिस्त तलावांवर होती. एकाचा सांडवा खालच्या तलावात, अशी ती साखळी. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडांगण उभे आहे. साखळी तुटली, उतार मात्र कायम राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर परिसर व बाह्य वर्तुळाकार रस्ता पाण्याखाली गेला, त्याचे मूळ येथेच शोधावे लागते. त्याच बेळ्ळंदूर तलावाने सांडपाण्याच्या फेसामुळे आणि फेब्रुवारी २०१७ मधील आगीमुळे देशाचे लक्ष वेधले होते.

नळाच्या पाण्याचा पहिला मोठा स्रोत म्हणजे अर्कावतीवरील हेसरघट्टा जलाशय. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथील जलाशयाची भर पडली. १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. सुमारे शंभर किलोमीटर अंतर आणि पाचशे मीटरच्या आसपासचा चढ टप्प्याटप्प्याने पंपांनी पार करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्यातून दररोज आणखी ७७५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्याचे राज्य सरकारने सांगितले होते.

शहराचा हा उंचवटा न्यायालयातही पोहोचला. कावेरी जलविवाद लवादाने २००७ च्या निवाड्यात बेंगळुरूचा केवळ एक-तृतीयांश भाग कावेरी खोऱ्यात धरून, निम्मी गरज भूजलातून भागेल असे गृहीत धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी हा निकष अमान्य केला. कर्नाटकाला वाढवून दिलेल्या १४.७५ टीएमसीपैकी ४.७५ टीएमसी पाणी बेंगळुरूसाठी होते. पिण्याच्या पाण्याची निकड खोऱ्याच्या रेषेपेक्षा वरचढ ठरली.

वापरलेले पाणी मात्र जुन्याच उतारांनी वाहते. कोरमंगला-चळ्ळघट्टा खोऱ्यातील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जात आहे. तेथील भूजल त्यामुळे वाढले; प्रक्रियेचा दर्जा पुरेसा आहे का, यावर मात्र वाद सुरू आहे.