मुंबईतील कुमार गटाचे फुटबॉल व कोविड-१९ निर्बंध

कोविड-१९ महामारीच्या निर्बंधांमुळे मार्च २०२० पासून दक्षिण व मध्य मुंबईतील शालेय आणि क्लब पातळीवरील कुमार गटाचे फुटबॉल दीर्घकाळ विस्कळीत झाले. कुपरेज, आझाद मैदान व परळचे सेंट झेवियर्स मैदान ही या भागातील फुटबॉलची परिचित मैदाने होत.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. ३ जूनपासून राज्य शासनाने मोकळ्या जागी चालणे, धावणे व सायकल चालवणे यांस मुभा दिली. समूहाने खेळण्यास नाही. ५ ऑगस्टपासून टेनिस, जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब असे सांघिक नसलेले मैदानी खेळ सुरू करता आले. फुटबॉल त्यात बसत नव्हता. मुंबईतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. तोवर शालेय संघ बांधणेही अवघड होते. याउलट इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ हंगाम प्रेक्षकांविना गोव्यात पार पडला आणि मुंबई सिटी एफसी विजेता ठरला. खेळाडूंना महिनोन्‌महिने विलगीकरणात ठेवण्याचा असा खर्च मुलांच्या क्लबांना झेपणारा नव्हता.

वयोमर्यादेचा प्रश्न

कुमार गटातील पात्रता जन्मतारखेवर ठरते, त्यामुळे बुडालेला हंगाम पुढे भरून काढता येत नाही. नवी मुंबई हे एक केंद्र असलेली २०२० ची फिफा १७ वर्षांखालील महिला विश्वचषक स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली व नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाली. भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळाले. परंतु तिच्यासाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक होता. २००३ व २००४ मध्ये जन्मलेल्या, रद्द स्पर्धेस पात्र असलेल्या मुली त्यामुळे वगळल्या गेल्या.