रंगीत तालीम आणि खरा प्रयोग

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या आईच्या फोनपासून करते.

आई सांगलीला एकटी राहते, मी पुण्यात. तिला रात्री नऊला रक्तदाबाची गोळी असते आणि ती हमखास विसरते. मी ॲप बनवणाऱ्यांपैकीच, त्यामुळे तिच्यासाठी एक छोटंसं ॲप लिहिलं. नऊ वाजले की बेल वाजणार, पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'आई, गोळी' असं येणार, तिने बटण दाबलं की बेल बंद. हे सगळं मी एम्युलेटरवर तपासलं. एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा खोटा फोन. त्याचं घड्याळ पुढे ढकललं, मागे आणलं, फोन बंद करून चालू केला. पंधरा दिवसांत बेल एकदाही चुकली नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईच्या फोनवर ॲप टाकलं, तिच्यासमोर बेल वाजवून दाखवली आणि परत आले.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन. आईला चक्कर आली होती, दवाखान्यात नेलं होतं, रक्तदाब बराच वाढला होता. निभावलं. नंतर मी जरा चिडूनच विचारलं, "गोळ्या घेत नव्हतीस का?" तर म्हणाली, "अगं, चार दिवस बेलच वाजली नाही. मला वाटलं, तू डॉक्टरांना विचारून बंद केलीस."

म्हणजे बघा, बेल नव्हती तेव्हा ती स्वतः लक्षात ठेवायची, कधी कधी विसरायची. बेल आल्यावर तिने लक्षात ठेवणं सोडून दिलं, कारण माझ्यावर विश्वास होता.

कारण शोधायला दोन दिवस लागले. आईच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची एक सोय होती. फोन बनवणाऱ्या कंपनीने अँड्रॉइडवर स्वतःची चढवलेली. जे ॲप माणूस हाताने उघडत नाही, ते ती सोय गुपचूप बंद करून टाकायची. माझ्या एम्युलेटरमध्ये होतं साधं, कोरं अँड्रॉइड. शिवाय त्यातला खोटा फोन, आपण मुद्दाम बदललं नाही तर, कायम चार्जरला लावलेला असतो. त्याला वीज वाचवायची गरजच कधी पडत नाही. मी पंधरा दिवस अशा फोनवर तपासत होते, जो कधी थकत नाही.

मग प्रश्न पडला, या खड्ड्यात माझ्या आधी कोण कोण पडलंय? शोधत शोधत मी थेट चंद्रावर पोहोचले.

२० जुलै १९६९. अपोलो ११ चं ईगल हे यान नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्रावर उतरतंय. सुमारे ३३,००० फूट उंचीवर असताना संगणक इशारा देतो: १२०२. दोघांनाही याचा अर्थ माहीत नाही. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात स्टीव्ह बेल्स हा २६ वर्षांचा अधिकारी बसलाय. उतरायचं की परत फिरायचं, हे त्याला काही सेकंदांत सांगायचंय. तो सांगतो, उतरा. आणि ते उतरतात.

हा धीर कुठून आला? तर तालमीतून. उड्डाणाच्या थोडे दिवस आधी सिम्युलेटरवर सराव चालू होता. सराव घेणाऱ्यांनी मुद्दाम याच जातीचा एक इशारा, १२०१, मध्येच सोडला. तेव्हा बेल्स गडबडला आणि त्याने मोहीम रद्द करायला सांगितलं. नंतरच्या चर्चेत त्याला सांगण्यात आलं, हे चुकलं. संगणक महत्त्वाची कामं करत होता, उतरता आलं असतं. उड्डाण संचालक जीन क्रांझ यांनी हुकूम दिला की असे जितके इशारे आहेत, त्या सगळ्यांची यादी करा. ती यादी जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने हाताने लिहून काढली. खऱ्या दिवशी १२०२ वाजला तेव्हा गार्मनने यादी बघून बेल्सला मागून सांगितलं, चालेल. तालीम झाली नसती, तर चंद्रावरचं पहिलं पाऊल कदाचित त्या दिवशी पडलंच नसतं.

पण थांबा, गोष्टीची दुसरी बाजू आहे. तो इशारा मुळात वाजला का?

यानात एक रडार होतं, परत वर जाऊन मुख्य यानाला गाठण्यासाठीचं. उतरताना त्याचं काम नव्हतं, पण ते चालू होतं. संगणकाची मार्गदर्शन यंत्रणा आणि रडारचा कोन मोजणारी यंत्रणा, दोघींनाही ८०० हर्ट्‌झची वीज लागायची, पण ती दोन वेगळ्या ठिकाणांहून येत होती. दोन्हींचा वेग एकच, पण ताल एकमेकांशी जुळलेला नव्हता. एका तबल्याची थाप दुसऱ्याच्या थापेच्या किंचित मागे पडावी, तसं. या फरकामुळे संगणकाला वाटलं की रडार सारखं हलतंय. ते न होणारं हलणं मोजण्यात त्याचा सुमारे १५ टक्के वेळ जायला लागला. संगणकाकडे तेवढाच वेळ शिल्लक होता. म्हणून तो सांगत होता, माझ्याच्याने सगळं होत नाही, मी फक्त महत्त्वाचं करतो.

अंतराळवीर ज्या सिम्युलेटरवर शिकले, त्यात अशा वेगळ्या विजेवर चालणारं खरं रडार नव्हतं. तिथे रडारचा खटका कुठेही असला तरी संगणकाला फरक पडत नव्हता. विजेच्या तालाची ही गडबड आधी एकदा प्रत्यक्ष यंत्रावर दिसलीही होती. पण एकदाच. तेव्हा विचार केला गेला, की नवीन, न तपासलेलं काही बसवण्यापेक्षा हे तपासलेलं बरं.

हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. तिथे वीज, इथे बॅटरी. सिम्युलेटरमध्ये विजेची काळजी कुणी भरलीच नव्हती.

आता सहा वर्षं पुढे येऊ. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर नावाचा छोटा संगणक झळकला. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोघांनी तो बनवणाऱ्या एमआयटीएस कंपनीला कळवलं, की आमच्याकडे तुमच्या यंत्रासाठी बेसिक ही भाषा तयार आहे. तयार काही नव्हतं. अल्टेअरही नव्हता, आणि त्यातली इंटेलची ८०८० चिपही नव्हती. होता तो हार्वर्ड विद्यापीठाचा पीडीपी-१० हा मोठा संगणक. ॲलनने चिपच्या माहितीपुस्तिकेवरून त्या मोठ्या संगणकातच खोटी ८०८० उभी केली. गेट्सने आणि गणिताच्या भागासाठी आणलेल्या माँटी डेव्हिडॉफने त्या खोट्या चिपवर खरी भाषा लिहिली. हे सगळं सुमारे आठ आठवड्यांत.

मग ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने आल्बुकर्कीला निघाला. विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या लक्षात आलं, की फितीवरचा प्रोग्रॅम यंत्रात भरण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम आपण लिहिलेलाच नाही! सिम्युलेटरमध्ये त्याची गरज कधी पडलीच नव्हती. त्याने तो तिथेच कागदावर लिहून काढला. खऱ्या अल्टेअरवर फीत चढली, आणि त्याने विचारलं, दोन अधिक दोन किती? यंत्राने छापलं, चार.

इथे सिम्युलेटर जिंकला. का? मला वाटतं, चिपला कुठली आज्ञा दिली की ती काय करते, हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं. जे कागदावर आहे, त्याचं सोंग नीट घेता येतं. अपोलोची अडचण दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारांमध्ये होती. आणि अल्टेअरच्या गोष्टीतही जे राहून गेलं, ते नेमकं प्रोग्रॅम खऱ्या यंत्राच्या आत शिरायच्या उंबरठ्यावरच राहिलं.

मोबाइलच्या काळात हेच सगळं नव्याने घडलं. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडची साधनं प्रोग्रॅमरांना दिली, एम्युलेटरसकट. पहिला अँड्रॉइड फोन दुकानात आला ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर, फोन नसताना लोक फोनसाठी ॲप लिहीत होते. तो एम्युलेटर फाब्रिस बेलार यांच्या क्यूईएमयू या मुक्त प्रोग्रॅमवर बेतलेला. फोनच्या चिपची एकेक आज्ञा लॅपटॉपच्या चिपला समजावून सांगायची, म्हणून भयंकर संथ. चालू करून चहा टाकायला जावं.

ॲपलने मार्च २००८ मध्ये दुसरा मार्ग धरला. त्यांचा सिम्युलेटर फोनच्या चिपचं सोंग घेतच नव्हता. ॲप मॅकच्याच चिपसाठी तयार व्हायचं आणि मॅकच्याच ताकदीवर पळायचं. त्यामुळे वेगवान, पण फसवा. पहिल्या आयफोनमध्ये मेमरी होती १२८ एमबी, मॅकमध्ये कितीतरी पट. सिम्युलेटरमध्ये पळणारं ॲप फोनवर धापा टाकायचं. आणि एक गंमत. मॅक सहसा फाइलच्या नावातलं इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर एकच धरतो, आयफोन वेगळं धरतो. नावातलं एक अक्षर लहानाचं मोठं झालं, की मॅकवर चित्र दिसायचं, फोनवर तिथे रिकामी जागा. या एका अक्षरापायी अनेकांनी रात्री घालवल्यात.

पुढे अँड्रॉइड फोनच्या इतक्या तऱ्हा झाल्या, की सगळे विकत घेणं कुणालाच परवडेना. त्यातून नवा धंदा उभा राहिला: खरे फोन मांडून ठेवायचे आणि इंटरनेटवरून वापरायला भाड्याने द्यायचे. यातलं एक मोठं नाव आपल्या मुंबईतलं. ब्राउझरस्टॅक ही कंपनी रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये सुरू केली. आधी वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासायची सोय होती, पुढे खरे फोन आले. पण तिथले फोनही विजेला जोडलेले असतात. आईचा फोन तिच्या उशाशी, पंचवीस टक्क्यांवर, रात्रभर कुणी हात न लावलेला असतो. ती परीक्षा शेवटी तिथेच द्यावी लागते.

मग एम्युलेटर टाकून द्यायचा का? नाही. बेल्सची गोष्ट आठवा. खऱ्या यंत्रावर कळतं, काय बिघडू शकतं. आणि बिघडल्यावर काय करायचं, ते तालमीत शिकायचं.

मी दोन्ही केलं. आईच्याच मॉडेलचा जुना फोन विकत आणला, चार्जर न लावता कपाटात ठेवला आणि चार रात्री हात लावला नाही. मग बॅटरीच्या त्या यादीतून ॲपला सूट देऊन पुन्हा चार रात्री. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आता साडेनऊपर्यंत आईने बटण दाबल्याची नोंद सर्व्हरवर आली नाही, तर माझ्या फोनवर संदेश येतो. तिकडचं ॲप मेलेलं असलं तरी येतो. हे मी एम्युलेटरवर तपासलं: ॲप मारून, नेट तोडून, फोन बंद करून.

गेल्या महिन्यात एकदा तो संदेश आला. मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, "अगं, लाइट गेली होती, फोन चार्ज नव्हता. गोळी घेतली मी. आता बेलची वाट नाही बघत."

ही शेवटची सुधारणा तिने स्वतः केली. तुमच्याकडेही असे अनुभव असतील, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.