रिस्पाची राखण

बायबलमधल्या रूथ आणि नामीची गोष्ट आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होती. सासू-सुनेची माया, सुगीचे दिवस, शेवटी नामीच्या मांडीवर आलेलं बाळ; ती कथा लग्नघरातही सांगता येई. रिस्पाची गोष्ट मात्र एकटी आजी सांगायची, आणि तीही पाऊस लांबला की.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या 21व्या अध्यायात ती येते. दावीद राजाच्या काळात सलग तीन वर्षं दुष्काळ पडला. आधीच्या शौल राजाने इस्राएलाची शपथ मोडून गिबोनी लोकांची कत्तल केली होती, तिचा हा दोष, असं निघालं. गिबोन्यांनी सोनंरुपं नको म्हटलं. त्यांनी शौलाच्या घरातले सात पुरुष मागितले आणि दावीदाने ते दिले. त्यांत पाच शौलाच्या मुलीचे होते, दोन रिस्पाचे. अर्मोनी आणि मफीबोशेथ. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला सातही जणांना डोंगरावर टांगून मारलं.

रिस्पा ही शौलाची उपपत्नी. याआधी तिचं नाव येतं ते सेनापती अबनेरवर ठेवलेल्या आळापुरतं. नवरा गेलेला, राज्य गेलेलं, आता मुलंही गेली. तिने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि आभाळातून पाणी पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना तिने त्या देहांना शिवू दिलं नाही. त्या देशात जव एप्रिलच्या सुमाराला कापतात आणि पाऊस ऑक्टोबरनंतर धरतो. पाऊस वेळेवर आला असं मानलं, तरी हा सबंध उन्हाळा होतो. एवढ्या काळात रिस्पा काय बोलली, ते ग्रंथात कुठेही नाही.

उरलेलं आजी भरायची. तिचा जन्म नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात गेला. कणसात दाणा भरला की माळ्यावर चढून गोफण फिरवायची, पाखरं हाकायची, हे तिचं लहानपणापासूनचं काम. ती म्हणायची, "पिकाची राखण केली तर घरात दाणा येतो. रिस्पाला काय मिळणार व्हतं? तरी तिनं राखलं." तिच्या गोष्टीत संध्याकाळी कुणी गुराखी पोर खडकाच्या पायथ्याशी पाण्याचं मडकं ठेवून पळून जाई. आणि एक गोष्ट ती कधीच गाळत नसे. "पाच पोरं दुसरीची व्हती. पण तिकडची पाखरं तिनं सोडली न्हाईत."

आजोबांचे धाकटे भाऊ कीर्तनकार होते. नगरला 1860च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली, त्या परंपरेचा त्यांना अभिमान होता. योसेफ, दानीएल, उधळ्या पुत्र, सगळे त्यांनी टाळ-मृदंगावर उभे केले, पण रिस्पाला हात लावला नाही. निरूपण कशाचं करायचं, असं ते विचारत. आजी म्हणे, "तिच्या पायाशी बसा घटकाभर. निरूपण मागनं बघू."

1972च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्याच वर्षी तिचा धाकटा मुलगा तापाने गेला. या मरणाबद्दल ती आमच्याशी कधी बोलली नाही. मला ते आत्याकडून कळलं, आणि पाऊस लांबला की आजीला रिस्पा का आठवते, तेही त्या दिवशी कळलं.

आजी ज्यांचं नाव आदराने घेई, त्या पंडिता रमाबाईही दुष्काळातूनच आल्या होत्या. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, 1882मध्ये पती गेले. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवांना केडगावच्या मुक्तिसदनात आणलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने बायबल मराठीत आणलं. 1921मध्ये मुलगी मनोरमा गेली, 1922च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. अखेरपर्यंत हे काम त्यांच्या हातात होतं. रिस्पाचा अध्याय मराठीत लिहिताना त्यांना काय झालं असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

इंग्लंडच्या टेनिसनने 1880मध्ये याच नावाची कविता लिहिली, फासावर गेलेल्या मुलाची हाडं रात्री वेचणाऱ्या आईची. तिथेही दुःख आहे, पण राजा नाही. आजीच्या गोष्टीचा कणा तर राजाच होता. रिस्पाने काय केलं हे दावीदाच्या कानावर गेलं. तेव्हा तो उठला, याबेश-गिलादाहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, टांगलेल्यांच्या अस्थी गोळा करवल्या, आणि शौल-योनाथानाला बन्यामीनाच्या प्रदेशात शौलाचा बाप कीश याच्या कबरीत मूठमाती दिली. टांगलेल्याला त्याच दिवशी पुरावं, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक. तो विसरलेल्या राजाला तो आठवून दिला एका उपपत्नीने, एक शब्द न बोलता.

इथे आजी बोट वर करून विचारी, "देवानं देशाची विनवणी कवा ऐकली?" आम्ही पोरं म्हणायचो, पोरं टांगल्यावर. ती मान हलवायची. "नीट वाचा. मूठमाती दिल्यावर." आणि खरंच, ग्रंथात क्रम तसाच आहे. सात जीव घेतल्यावर नव्हे, त्या जिवांचा मान राखल्यावर देशासाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली.

शोकात श्रद्धा ठेवायची म्हणजे मुकाट सोसायचं, असं आमच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. आजीने मला वेगळी श्रद्धा दिली. देवाच्या नावाने जे झालं ते देवाला मंजूर नाही, एवढा भरवसा रिस्पाला होता. त्या भरवशावर ती उन्हात उभी राहिली आणि राजाला तिच्या मागून यावं लागलं. देवावर माझा विश्वास आहे तो या बाईच्या साक्षीवर.